भूत कोणत्या कपाटात?

आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल परवा ‘फ्रँकेनस्टाइन’ हातात धरून पेचात पडले होते. “अहो, हे भुताखेतांत लावू, विज्ञानात लावू, की पत्रसंग्रहात?”

त्यांचा तरी काय दोष! भुताची वाट बघत आपण पाय पांघरुणात ओढून घ्यावेत, तर सुरुवातीला उत्तर ध्रुवाकडे निघालेला एक गृहस्थ बहिणीला पत्रंच लिहीत बसतो. पुढे राक्षस येतो, पण तोही स्मशानातून आपला आपण उठलेला नाही. एका हुशार विद्यार्थ्यानं प्रेतांचे तुकडे जुळवून केलेला. वर हा राक्षस मिल्टन वाचतो! मी मिल्टन न वाचता बी. ए. झालो, त्यामुळे खरी भीती मला तिथं वाटली.

१ जानेवारी १८१८ला लंडनमध्ये हे पुस्तक निघालं. तीन खंड, पाचशे प्रती आणि लेखकाचं नाव गुलदस्तात. अर्पणपत्रिका मात्र विल्यम गॉडविन या जहाल विचारवंताला. झालं! ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये क्रोकरसाहेबांनी तेवढ्यावरून लेखकाचं गोत्र ओळखलं आणि पुस्तकाला धू धू धुतलं. तरी धुताधुता लेखणीत ताकद आहे, हे कबूल केलं. त्यांचा मला फारसा राग येत नाही. नाही आवडलं, नाही आवडलं.

सर वॉल्टर स्कॉट म्हणजे भला माणूस. त्यांनी तोंडभरून कौतुक केलं, पण लेखक कवी शेली असणार, असं धरून! स्तुतीचं पाकीट गेलं नवऱ्याच्या पत्त्यावर. लिहिणारी होती मेरी, गॉडविनची लेक आणि शेलीची बायको. लिहायला बसली तेव्हा वय वर्षं अठरा. पुस्तक माझं आहे, हे बिचारीला स्कॉटना पत्र घालून कळवावं लागलं.

‘ब्रिटिश क्रिटिक’नं तर कमालच केली. लेखक बाई आहे असं कानावर आलंय, म्हणजे अपराध आणखीच मोठा, असा निवाडा देऊन परीक्षणच आटोपतं घेतलं. आता राक्षस बाईनं शिवला की बुवानं, यानं टाके का उसवतात? हे मला अजून कळलेलं नाही.

१८२३मध्ये कादंबरीवरचं नाटक लंडनच्या रंगभूमीवर गाजलं, तेव्हा त्याच वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीवर मेरीचं नाव छापून आलं.

हे सगळं ऐकवून मी ग्रंथपालांना म्हटलं, “कपाटाचं जाऊ द्या. लेखकाच्या नावानं लावा.”

त्यांनी पुस्तक उलटसुलट केलं. चेहरा उजळला.

“शेली! मग आधी नाही का सांगायचं? कवितेचं कपाट!”