सोवळ्यातून कृपेकडे : 'स्मृतिचित्रे'चे एक वाचन

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची (चार भाग, १९३४ ते १९३७) थोरवी मराठी समीक्षेने केव्हाच मान्य केली आहे. त्यातील विनोद, घरगुती भाषा, रेव्ह. नारायण वामन टिळकांचा तेजस्वी आणि लहरी स्वभाव यांविषयी विपुल लिहिले गेले. परंतु ख्रिस्ती वाचकाने या ग्रंथाला विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : दैवी कृपा माणसाला पालटते, म्हणजे नेमके काय करते?

धर्मांतराच्या कथांना एक ठरीव साचा असतो. आधी अंधार, मग विजेसारखा एक क्षण, आणि पुढे लख्ख उजेड. संत ऑगस्टीनचा इ. स. ३८६ मधील मिलानच्या बागेतला प्रसंग आपण याच साच्यात बसवतो. 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात, बिशप झाल्यानंतरही, तो आपले मोह एकेक करून मोजतो, हे मात्र विसरतो. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला तर तशी वीजही आली नाही. १८९५ साली पतीने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आकाशच कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या परतल्या, त्या सोवळे बरोबर घेऊनच. हे सोवळे माहेरचे. बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेणारे त्यांचे वडील ग्रंथारंभीच भेटतात.

पुढे राहुरीस त्यांच्या मनाने घेतले की, देवाने माणूस घडविला, जाती माणसाने पाडल्या. आणि यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या सिद्ध झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. प्रौढांच्या बाबतीत कृपा बाप्तिस्म्याआधीच मनाला जागे करते, माणसाने तिला मोकळेपणी होकार द्यावयाचा असतो, आणि तिचे कार्य केवळ पापक्षमेवर न थांबता अंतःकरण नवे करते, असे त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५४७ साली शिकविले. लक्ष्मीबाई प्रॉटेस्टंट मिशनमधल्या. त्रेंतचा आदेश त्यांच्यासमोर असण्याचे कारण नव्हते. तरी त्याचे इतके बोलके उदाहरण मला मराठीत दुसरे ठाऊक नाही. या प्रसंगाची आध्यात्मिक उकल अधिक हवी होती, अशी तक्रार होऊ शकेल. मला ती पटत नाही. जिथे त्यांचे बंधन होते, तिथेच, चुलीपाशी आणि पाण्याच्या भांड्यापाशी, कृपा आली. तिथे व्याख्यान शोभले नसते.

शिवाय पालटलेल्या लक्ष्मीबाई दुसऱ्या कोणी झाल्या नाहीत. तीच तिखट जीभ, तोच हट्ट, टिळकांशी तीच भांडणे. कृपा स्वभावाला पुसून टाकीत नाही, पूर्णत्वास नेते, हे संत थॉमस अक्वायनसचे सूत्र सेमिनरीत आम्ही पाठ केले. त्याला हाडामांसाचे रूप या पानांत मिळते.

साक्ष देण्याच्या मेळाव्यांत 'मी पूर्वी असा होतो, आता असा आहे' हे ऐकून, आपल्याला काहीच झाले नाही म्हणून खिन्न होणारी साधी भाविक माणसे मला भेटतात. त्यांच्या हाती हा ग्रंथ द्यावासा वाटतो. मात्र ज्या घरांतून रोज रोझरी होते आणि सोयरीक जुळविताना ज्ञाती प्रथम विचारली जाते, त्या घरांना राहुरीचा तो प्रसंग सुखाचा वाटणार नाही. गंमत अशी की, त्याच घरांत 'स्मृतिचित्रे' विनोदी पुस्तक म्हणून कौतुकाने वाचले जाते.