रॉस यांचे डास आणि त्यांची नावे

सर रोनाल्ड रॉस यांचा 'मेमॉयर्स' हा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हिवतापाच्या महान प्रश्नाचा आणि त्याच्या उकलीचा संपूर्ण वृत्तांत, अशा आशयाचे त्याचे उपशीर्षक आहे. वैद्यकाच्या इतिहासकारांनी त्याचा परामर्श घेतलेलाच आहे. येथे त्याकडे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने पाहावयाचे आहे. रॉस आणि इटालियन प्राणिशास्त्रज्ञ ग्रास्सी यांच्यातील ज्या वादाने या ग्रंथाची कित्येक पाने कडवट झाली आहेत, त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी नामकरणाचा प्रश्न आहे. ज्या प्राण्याचे शास्त्रीय नाव संशोधकास ठाऊक नाही, त्याच्याविषयीचा शोध त्याचा मानावा काय?

लाव्हराँ यांना रोग्याच्या रक्तात हिवतापाचे परजीवी १८८० मध्ये आढळले होते. मॅन्सन यांनी ते रॉस यांना १८९४ मध्ये लंडनला दाखविले आणि डासांविषयीची आपली कल्पना सांगितली. पुढील वर्षी हिंदुस्थानात परतल्यावर रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासांचे विच्छेदन आरंभिले. दोन वर्षे हाती काहीच लागले नाही, कारण डासच चुकीच्या जातीचे होते. अखेर हुसेनखान नावाच्या रोग्याचे रक्त प्यालेल्या एका डासाच्या जठरभित्तीत २० ऑगस्ट १८९७ रोजी रंगद्रव्ययुक्त पेशी दिसल्या. या हुसेनखानास दर डासामागे एक आणा मिळत असे.

हा डास कोणता? रॉस यांच्यापाशी कीटकशास्त्राचे ग्रंथ नव्हते. मैगेन यांनी १८१८ मध्येच दिलेले 'अ‍ॅनाफिलीस' हे गणनाम त्यांना अवगत नव्हते. त्यांनी आपल्यापुरती त्रिविध विभागणी केली : करडे डास, पट्ट्यापट्ट्यांचे डास आणि ठिपकेदार पंखांचे डास. ही शेतकऱ्याने गुरांना द्यावीत तशी नावे आहेत. परंतु डिसेंबर १८९७ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील त्यांचे टिपण वाचावे. अंडी प्राचीन नावेच्या आकाराची असून त्यांवर वल्ह्यांच्या रांगांसारख्या रेषा आहेत, हे निरीक्षण तेथे आहे. नाव नाही, पण लक्षण आहे; आणि ते असे नेमके की जाणत्याने वाचताच गण ओळखावा.

ग्रास्सींचा पक्षही पोकळ नव्हता. ठिपके नसलेल्या पंखांच्या जाती या गणात आहेत, आणि ठिपके असूनही या गणात न मोडणारे डासही आहेत. म्हणजे रॉस यांच्या वर्णनाची व्याप्ती एकीकडे कमी पडते, तर दुसरीकडे अधिक होते. ग्रास्सी आणि त्यांचे सहकारी यांनी १८९८ च्या अखेरीस माणसाच्या हिवतापाचा संबंध अ‍ॅनाफिलीस गणाशी जोडला, तेव्हाच एका ठिकाणचे निरीक्षण इतरत्र लागू करता येऊ लागले. शास्त्रीय नामाचे खरे कार्य हेच होय. तथापि नामाने व्याप्ती येते, शोध येत नाही. त्याच वर्षी जुलैत कलकत्त्यास रॉस यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचा परजीवी डासाच्या लाळग्रंथींपर्यंत जाताना पाहिला, तो करड्या डासात. त्या डासाचे लॅटिन नाव ठाऊक असते, तर त्या पाहण्यात कोणती भर पडली असती? १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले ते न्याय्यच होते. ते ग्रास्सींना मिळाले नाही, याची हळहळ मात्र इटलीत रास्तपणे राहिली.

खेद वाटतो तो ग्रंथाच्या भाषेबद्दल. टिपणातील संयमी निरीक्षक येथे वकील झाला आहे. 'उकल' हा शब्दही खटकतो. रॉस यांच्याच १९१० च्या 'द प्रिव्हेन्शन ऑफ मलेरिया' या ग्रंथात गणिताने असे दाखविले आहे की, डास निःशेष करण्याची गरज नाही. त्यांची संख्या विशिष्ट मर्यादेखाली आणली की रोग आपोआप ओसरतो. ही मर्यादेची भाषा आहे, आणि ती उपशीर्षकातील गर्जनेहून अधिक टिकाऊ ठरली.

'मलेरिया' या शब्दाचीच गंमत पाहा. इटालियनमध्ये त्याचा अर्थ दूषित हवा. खोटी ठरलेली उपपत्ती पोटात घेऊन तो जगभर सुखाने नांदतो आहे. आपला 'हिवताप' केवळ लक्षण सांगतो, म्हणून त्याच्यावर हा प्रसंग आला नाही. चरकसंहितेतील 'तृतीयक' आणि 'चतुर्थक' हे ज्वरही पाळीवरून ओळखले गेले. रॉस यांच्या डासांची नावे याच जातीची आहेत. म्हणून मराठीत ही हकीकत लिहिणाऱ्याने १८९७ च्या रॉस यांच्या तोंडी 'अ‍ॅनाफिलीस' घालू नये. तेथे 'ठिपकेदार पंखांचा डास' असेच लिहावे, आणि शास्त्रीय नाव ग्रास्सींचा प्रवेश होईपर्यंत राखून ठेवावे.