ऐकणारा सम्राट आणि स्टेशनातली शहरे

इतालो काल्विनोचे 'अदृश्य शहरे' १९७२ साली इटलीत प्रसिद्ध झाले. त्याला कादंबरी म्हणावे की नाही, याचा निकाल अजून लागलेला नाही. कथानक नाही. पात्रे म्हणावीत तर दोनच : उतारवयाला लागलेला सम्राट कुब्लाई खान आणि त्याच्या दरबारात आलेला व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो. पोलो शहरांची वर्णने करतो, खान ऐकतो. पंचावन्न शहरे, प्रत्येकाला एका स्त्रीचे नाव. 'शहरे आणि स्मृती', 'शहरे आणि इच्छा', 'शहरे आणि मृत' अशा अकरा मालिका, प्रत्येक मालिकेत पाच शहरे. ही शहरे नऊ भागांत एका ठरावीक हिशेबाने विणली आहेत. पहिल्या आणि शेवटच्या भागात दहा-दहा, मधल्या सात भागांत पाच-पाच. पुढच्याच वर्षी काल्विनो पॅरिसच्या 'उलिपो' या लेखक-गणितज्ञांच्या मंडळाचा सभासद झाला, यात नवल नाही. स्वतःवर कडक बंधने घालून घ्यायची आणि त्यांतून कल्पनेला वाट काढायला लावायची, हे त्या मंडळींचे व्रतच होते.

आता अशा पुस्तकाचा ऑपेरा करायचा म्हणजे काय करायचे? ऑपेराला प्रेम लागते, मत्सर लागतो, कुणीतरी मरावे लागते. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद कथानक पुढे नेतात आणि पद भावना थांबवून धरते. ऑपेरात सगळा भार गाण्यावरच असतो. आणि इथे तर एक माणूस बोलतो आणि दुसरा ऐकतो, एवढेच घडते. तरीही ख्रिस्तोफर सेरोन या १९८४ साली जन्मलेल्या अमेरिकन संगीतकाराने हे धाडस केले. विल्यम वीव्हर यांच्या १९७४च्या इंग्रजी अनुवादावरून त्याने संहिता स्वतःच बांधली. ऑक्टोबर २०१३मध्ये लॉस एंजेलिसच्या 'दि इंडस्ट्री' या संस्थेने, युवाल शारोन यांच्या दिग्दर्शनाखाली, हा ऑपेरा रंगमंचावर न करता तिथल्या युनियन स्टेशन या चालत्या-बोलत्या रेल्वे स्थानकात केला. पुढच्या वर्षीच्या पुलित्झर संगीत पारितोषिकाच्या अंतिम यादीत त्याचे नाव होते.

मी तो प्रयोग पाहिलेला नाही. त्याचे ध्वनिमुद्रण मी गेली काही वर्षे पुन्हापुन्हा ऐकत आलो आहे, चित्रफितींचे तुकडे पाहिले आहेत, परीक्षणे वाचली आहेत. पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण मला नाही. जे काही कळते ते ऐकून आणि पुस्तके चाळून. पण ज्या कलाकृतीने ऐकणे आणि पाहणे यांची मुद्दाम फारकत केली, तिच्याबद्दल केवळ ऐकणाऱ्यालाही काही म्हणता येईल, असे मला वाटते.

प्रयोगाची रचना समजून घेतली नाही तर पुढचे काही कळणार नाही, म्हणून ती आधी सांगतो. स्टेशनात एकेकाळी फ्रेड हार्वी कंपनीचे उपाहारगृह होते. ते दालन तेव्हा रिकामे होते. वाद्यवृंद तिथे बसला. प्रेक्षकांना बिनतारी हेडफोन दिले गेले. सुरुवातीचे संगीत झाले की प्रेक्षकांनी स्टेशनात कुठेही हिंडावे. गायक आणि एल. ए. डान्स प्रोजेक्टचे नर्तक साध्या कपड्यांत प्रवाशांमध्ये मिसळलेले. प्रत्येक गायकाच्या अंगावर मायक्रोफोन, कानात निर्देशकाचा आणि वाद्यांचा आवाज, कारण निर्देशक डोळ्यांना दिसणारच नाही. सगळे आवाज एका ठिकाणी गोळा होऊन, त्यांचे मिश्रण होऊन, हेडफोनमध्ये जात. म्हणजे आपल्या कानात मार्को पोलो गात असतो आणि तो स्टेशनात कुठे आहे हे आपल्याला ठाऊक नसते. शेजारच्या बाकावर बसलेला माणूस अचानक तोंड उघडतो आणि कळते, हाच तो. किंवा कधीच कळत नाही.

या प्रयोगाचे कौतुक बहुतेकांनी एका शब्दात केले : स्वातंत्र्य. प्रेक्षक खुर्चीतून सुटला, प्रत्येकाने आपापला ऑपेरा रचला, वगैरे. मला हे कौतुक अपुरे वाटते, आणि थोडे फसवेही. प्रेक्षकाचे पाय मोकळे झाले हे खरे, पण कान पूर्वी कधी नव्हते इतके बांधले गेले. सभागृहात निदान शेजारच्याचा खोकला ऐकू येतो. इथे कानावर झाकण, आणि त्या झाकणाखाली कुणीतरी दुसऱ्याने तोलून-मापून केलेले मिश्रण. प्रेक्षकाला पोलोसारखे भटकता येते असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याला दिलेली भूमिका पोलोची नाही, खानाची आहे.

कादंबरीतला खान आपल्या साम्राज्यातली शहरे पाहत नाही. ती एवढी आहेत आणि इतकी दूर आहेत की त्याला ती फक्त ऐकता येतात. पोलो सुरुवातीला त्याची भाषाही जाणत नाही, हातवारे आणि वस्तू वापरून सांगतो. पुढे भाषा येते, पण खानाचा संशय वाढत जातो की ही शहरे खरी आहेत की हा परका माणूस एकच शहर पंचावन्न वेळा सांगतो आहे. पोलो ते कबूलही करतो : कुठल्याही शहराविषयी बोलताना तो व्हेनिसविषयीच काहीतरी बोलत असतो. गोष्ट सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या कानावर जास्त अवलंबून असते, असा एक धागा या संवादांतून जातो. माझ्या मते पुस्तकाचा कणा तोच आहे. शहरांची कल्पकता वाचकाला भुलवते, पण पुस्तक खरे तर सत्ता असलेल्या माणसाच्या ऐकण्याविषयी आहे.

काल्विनोला हा विषय पुढेही सोडवला नाही. लुचानो बेरियो या संगीतकाराबरोबर त्याने केलेले 'ऐकणारा राजा' १९८४ साली साल्झबुर्गच्या महोत्सवात सादर झाले. त्याच नावाची त्याची एक कथाही आहे. सिंहासनाला खिळलेला राजा, महालातले प्रत्येक आवाज कानाने टिपत, त्यांतून कटकारस्थान ओळखण्याचा प्रयत्न करणारा. कुब्लाई खानाचाच हा भीतीने ग्रासलेला भाऊ. सेरोन आणि शारोन यांच्या डोक्यात बेरियो होता की नाही हा मुद्दा नाही. 'अदृश्य शहरे' संगीतात न्यायचे तर त्याचा दरवाजा ऐकण्यातच आहे, हे काल्विनोने स्वतःच दाखवून ठेवले होते, एवढेच मला म्हणायचे आहे.

सेरोनचे संगीत या दृष्टीने ऐकावे. त्यात घाई नाही. तारांमध्ये वस्तू अडकवून ज्याचा आवाज बदलला आहे असा पियानो घंटेसारखा वाजतो, एक सूर विरेपर्यंत दुसरा येत नाही. आपल्याकडच्या कानाला ही सवय नवी नाही. तंबोऱ्याच्या जोडीत सूर विरताना जे ऐकू येते, त्याची आठवण होते, पण तेवढीच. रागसंगीताशी याचे नाते लावायला मी जाणार नाही. पंचावन्नांपैकी मोजकीच शहरे त्याने घेतली. इझिडोरा, जिथे प्रवासी तरुणपणी पाहिलेल्या स्वप्नातल्या शहरात म्हातारा होऊन पोचतो. आर्मिल्ला, जिथे भिंती नाहीत, जमिनी नाहीत, फक्त उभे नळ आणि त्यांच्या पाण्यात रमणाऱ्या जलपऱ्या. इथे दोन उंच स्त्री-आवाज एकमेकांना विळखे घालत चढतात आणि शब्द जवळजवळ विरघळतात. आणि आदेल्मा.

आदेल्मावर थांबायला हवे. पोलो संध्याकाळी त्या शहरात उतरतो आणि भेटणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यात त्याला ओळखीचा कुणी मेलेला माणूस दिसतो. आयुष्यात अशी एक वेळ येते, की ओळखीच्यांमध्ये जिवंतांपेक्षा मेलेले जास्त होतात आणि मन नवे चेहरे घ्यायला नकार देते, जुनेच मुखवटे नव्या माणसांवर चढवते. कागदावर हा अतिशय सुंदर पण थंड विचार आहे. स्टेशनात तो थंड राहू शकत नाही. हेडफोनमध्ये आदेल्मा चालू आहे आणि समोरून शेकडो अनोळखी चेहरे जात आहेत. कुणी नट आहे, कुणी खरोखरच सॅन दिएगोच्या गाडीची वाट पाहत आहे, आणि तुम्ही प्रत्येकाकडे आता त्याच नजरेने पाहता. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हे फार सांगावे लागत नाही. दादर किंवा पुणे स्टेशनच्या पुलावरून उतरताना गर्दीत वडिलांची चाल दिसली, असे कुणाला झालेले नाही? रूपांतराने मूळ कृतीत नसलेले काही घडवले असेल तर ते इथे. काल्विनोने चेहरे वर्णन केले. या प्रयोगाने चेहरे उसने घेतले, तेही न विचारता.

आवाज एकीकडे आणि देह दुसरीकडे, ही युक्ती मराठी रंगभूमीला अगदीच अपरिचित नव्हे. विष्णुदास भाव्यांच्या १८४३च्या 'सीतास्वयंवरा'पासून सूत्रधार पदे गात असे आणि पात्रे त्यानुसार हावभाव करून उत्स्फूर्त बोलत. पण भाव्यांच्या सूत्रधाराचा आवाज सगळ्यांसाठी होता. राजवाड्यात सांगलीच्या संस्थानिकाला जे पद ऐकू येई तेच दाराशी उभ्या शिपायालाही. युनियन स्टेशनात तसे नव्हते, आणि माझी मुख्य तक्रार इथून सुरू होते.

स्टेशनात त्या रात्री ऐकण्याच्या तीन पायऱ्या होत्या. तिकीट काढून हेडफोन लावलेल्याला सगळे ऐकू येई. गायकाच्या जवळून जाणाऱ्या प्रवाशाला वाद्यांशिवायचा एकटा, उघडा आवाज ऐकू येई, आणि त्याला वाटले असेल, कुणीतरी वेडा मोठ्याने गातो आहे. लांबच्याला काहीच नाही. मोठ्या शहरांतल्या कुठल्याही स्टेशनात असतात तसे तिथेही रात्रीचा आसरा शोधणारे बेघर लोक असतात. म्हणजे हेडफोनवाल्याच्या दृष्टीने बाकीचे सगळे नेपथ्य झाले. काहींच्या मते हा प्रयोगाचा दोष आहे, काहींच्या मते ते त्याचे यश. मला ते दोन्ही एकच वाटतात. खान जसा आपल्या प्रजेला वर्णनांमधूनच ओळखतो, तसाच हा प्रेक्षक समोरच्या माणसाला संगीतातूनच पाहतो. प्रयोगाने पुस्तकाचा गाभा इतका नेमका पकडला की त्यातली क्रूरताही सोबत आली. फक्त ती क्रूरता आहे हे प्रयोगाला स्वतःला जाणवले का, याची मला शंका आहे. पुस्तकात खान अस्वस्थ आहे. हेडफोनवाला प्रेक्षक मात्र, मी वाचलेल्या बहुतेक परीक्षणांतून दिसतो तसा, मंत्रमुग्ध आहे.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट. १९३९ साली उघडलेले हे स्टेशन रिकाम्या जमिनीवर उभे राहिलेले नाही. तिथे लॉस एंजेलिसचे जुने चायनाटाउन होते : घरे, धुलाईची दुकाने, औषधांची दुकाने, देवळे. रेल्वे कंपन्या आणि शहर यांच्यातला लांबलेला वाद न्यायालयात संपला आणि १९३३ सालापासून ती वस्ती पाडायला सुरुवात झाली. रहिवाशांनी १९३८ साली थोडे पलीकडे नवे चायनाटाउन वसवले. पुढे भुयारी रेल्वेसाठी खणताना जुन्या वस्तीची भांडी, बाटल्या, सोंगट्या सापडल्या. त्या उत्खननावर रॉबर्टा ग्रीनवुड यांनी १९९६ साली 'डाउन बाय द स्टेशन' हे पुस्तक लिहिले. ते या ऑपेराच्या प्रत्येक चाहत्याने वाचावे असे आहे.

चीनच्या सम्राटाला परदेशी माणूस त्याच्याच साम्राज्यातल्या शहरांविषयी सांगतो आहे, आणि पायाखाली, खऱ्या अर्थाने अदृश्य झालेले, चिनी माणसांचे शहर. याहून मोठा योगायोग कुठल्या दिग्दर्शकाला मिळणार? पण संहिता काल्विनोच्या शब्दांतून बनलेली आहे, आणि त्या शब्दांत या वस्तीला जागा असणे शक्यच नव्हते. सेरोनने ती घालायला हवी होती असे मी म्हणत नाही. तसे केले असते तर आदेल्माची जागा एखाद्या स्मारकफलकाने घेतली असती. माझे म्हणणे एवढेच की स्थळ निवडले की स्थळाचा भूतकाळही निवडला जातो, मग तो संहितेत असो वा नसो, आणि जागेसाठी रचलेल्या कलेचे कौतुक करताना त्या जागेखाली काय होते हे विचारणे हा समीक्षेचाच भाग आहे.

एक गोष्ट या रूपांतरात पूर्णपणे हरवली, ती म्हणजे काल्विनोचे गणित. अकरा गुणिले पाच, त्या मालिकांची एकमेकींत सरकत जाणारी वीण, एक शहर संपताना दुसऱ्या मालिकेची चाहूल लागणे, यांतले काही सव्वा तासाच्या आसपासच्या ऑपेरात राहणे शक्य नव्हते. बरेच जण हे नुकसान मोजत नाहीत. मला ते मोठे वाटते. काल्विनोच्या बंधनांमुळे ही शहरे निव्वळ स्वप्नाळू वर्णने होण्यापासून वाचतात. ते बंधन काढले की उरते ते सौंदर्य, आणि सेरोनचे संगीत त्या सौंदर्यात काही वेळा जरा जास्तच रमते. आर्मिल्लाच्या जलपऱ्या चौथ्यांदा ऐकताना मला ते जाणवले. मात्र इझिडोराचा म्हातारा भिंतीवर बसून तरुणांना जाताना पाहतो, तिथे संगीत पुन्हा कोरडे होते. घंटेसारखा तो एकच सूर, मग शांतता, मग पुन्हा तोच. तिथे कुणी राजा नसतो, कुणी दरबार नसतो, आणि हेडफोन काढून ठेवले तरी तो सूर थोडा वेळ खोलीत राहतो.