'हेलिकॉप्टर'ची फोड : लिपीतील अक्षर आणि उच्चारातील अक्षर

ग्रीकोद्भव शास्त्रीय संज्ञांची फोड करताना तुलनाकार लिपीतील अक्षर आणि उच्चारातील अक्षर सर्रास एकच धरतात. मराठीत दोहोंना एकच शब्द असल्याने गोंधळ अधिकच बळावतो.

'हेलिकॉप्टर' हा शब्द फ्रेंचमध्ये १८६१ साली पाँतों दामेकूर याने घडवला. त्याचे घटक 'हेलिको' (मळसूत्री) आणि 'प्तेरॉन' (पंख). इंग्रजीने मात्र त्याची 'हेलि' आणि 'कॉप्टर' अशी फाळणी केली. 'हेलिपॅड' हे तिचेच अपत्य. ('टेरोडॅक्टिल'मध्ये तर त्याच 'प्तेरॉन'चा आरंभीचा 'प' उच्चारातून गळाला.)

देवनागरीत हा शब्द हे-लि-कॉ-प्ट-र असा सुटतो, आधुनिक ग्रीकमध्ये ए-लि-को-प्ते-रो असा. दोन्हीकडे पाच अक्षरे, दोन्हीकडे जोडव्यंजन अभंग, आणि व्युत्पत्तीचा सांधाही शाबूत. हे साम्य मोहक असले तरी फसवे आहे. ज्या व्यंजनसमूहाने ग्रीक शब्द सुरू होऊ शकतो तो समूह ग्रीक नियमानुसार पुढच्या अक्षरात जातो. मराठी शब्द 'प्ट'ने सुरू होत नाही. येथे 'प' आणि 'ट' एकत्र राहतात ते केवळ जोडाक्षराच्या लेखनामुळे. बोलताना मराठी भाषक हे-लि-कॉप्-टर असेच म्हणतो, म्हणजे चार अक्षरे.

'डिप्थेरिया'चे उदाहरण अधिक बोलके आहे. मूळ ग्रीक 'दिफ्थेरा' म्हणजे कातडे. घशात धरणाऱ्या चामड्यासारख्या पापुद्र्यावरून रोगाला हे नाव पडले. लेखनात डि-प्थे-रि-या अशी फोड होते, पण छंदात 'डि' गुरू ठरतो, कारण पुढच्या संयोगातील पहिल्या व्यंजनाचा भार त्याच्यावर पडतो. तैत्तिरीय प्रातिशाख्य संयोगातील पहिले व्यंजन मागील स्वराकडेच सोपवते. ग्रीकमध्येही हीच ओढाताण आहे : वैयाकरण 'फ्थ' पुढे ढकलतात, तर वृत्त मागच्या अक्षराला दीर्घ मानते. खरी तुलना येथे सुरू होते, कारण दोन्ही परंपरांत लेखनाची फोड आणि छंदाचे मोजमाप परस्परांशी जुळत नाही. इंग्रजी मुद्रणपद्धतीशी मराठीची तुलना करणारे अभ्यासक नेमका हा मुद्दा वगळतात.

'हेलिकॉप्टर'मधील अखेरचा 'र' अक्षरगणवृत्तात स्वतंत्र लघू म्हणून मोजला जातो, मात्र बोलण्यात त्याचा 'अ' उरत नाही. कोणती गणना गृहीत धरली आहे हे न सांगता केलेल्या तुलनात्मक तक्त्यात त्याच शब्दाची चार अक्षरेही सापडतील आणि पाचही.