विभागाच्या नावातलं ‘सिव्हिक्स’

मुंबई विद्यापीठाचा राज्यशास्त्राचा विभाग १९४८ साली सुरू झाला तो ‘सिव्हिक्स अँड पॉलिटिक्स’ या नावानं. यातलं ‘पॉलिटिक्स’ सगळ्यांना हवं असतं. ‘सिव्हिक्स’ म्हटलं की शाळेतलं नागरिकशास्त्र आठवतं, इतिहासाच्या शेपटाला बांधलेलं. आम्ही पडलो तत्त्वज्ञानवाले, शब्दाला चिकटून बसायची खोड. आमचं म्हणणं असं की या विभागाची थोरवी त्या दुर्लक्षित पहिल्या शब्दात होती, आणि आज तो पाटीवरच जास्त दिसतो.

पुरावा देतो. विभागातले वेंकटरंगय्या यांनी १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीवर पुस्तक लिहिलं. देशाच्या नव्हे, मुंबई शहरातल्या निवडणुकीवर. त्या वर्षी उत्तर मुंबई शहर हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येकाला दोन मतं. पहिलं मत आपल्या माणसाला, ते ठीक. पण दुसरं कुणाला द्यायचं, की वाया घालवायचं? इथे दादरच्या राजगृहात राहणारे डॉ. आंबेडकर काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष आपल्याच शहरात का हरतो, हे नुसती घटना वाचून कळत नाही. त्यासाठी त्या दुसऱ्या मताचा प्रवास बघावा लागतो, वस्तीवस्तीतून.

पुढे अलू दस्तूर यांनी १९६२च्या कृष्ण मेनन विरुद्ध कृपलानी या लढतीवर पुस्तक केलं. संरक्षणमंत्री उमेदवार, गोवा नुकताच मुक्त झालेला, चीनचं सावट डोक्यावर. आणि मतं मागायची उत्तर मुंबईतल्या कारकुनाकडे, दुकानदाराकडे! आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे दिल्लीतल्या बंगल्यांत ठरणारी गोष्ट, हा समज इथेच गळून पडतो. मुळात गिरणगावाला तो समज कधी नव्हताच. २ ऑक्टोबर १९३९ला इथल्या कामगारांनी युद्धाच्या विरोधात एक दिवसाचा संप केला. युरोपात युद्ध सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. परळच्या साचेवाल्याला हिटलर आणि चेंबरलेन यांच्याविषयी मत होतं, बरं का, आणि त्यासाठी तो त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायला तयार होता.

उषा मेहता याच विभागाच्या प्रमुख होत्या. १९४२मध्ये काँग्रेस रेडिओ चालवताना त्या पकडल्या गेल्या, त्या इथे गिरगावातच. राज्यसंस्था म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नसावं.

मग तक्रार काय? शिवसेनेचा जन्म १९६६चा, दादरचा. तिच्यावरची अभ्यासकांच्या तोंडी असलेली पहिली पुस्तकं कुणाची? मेरी कॅट्झेन्स्टाइन, कॉर्नेल विद्यापीठातल्या. दीपंकर गुप्ता, दिल्लीचे. त्यांनी उत्तम काम केलं, आनंद आहे. पण दादरची गोष्ट अमेरिकेतून आणि दिल्लीहून यावी, आणि आमच्या मुलांनी ती इंग्रजीतून वाचून परीक्षेत परत लिहावी, हे आम्हाला खटकतं. त्या मुलांचे आजोबा गिरणीत होते हो! मुलाखत घ्यायला जिना उतरला तरी पुरे. विद्यार्थी स्पर्धा परीक्षेसाठी येतात, त्यांना जगाचा नकाशा हवा असतो, ही अडचण आम्ही जाणतो. ती खरी आहे, पण पुरेशी नाही.

आता अगदी अलीकडचं बघा. मार्च २०२२मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ एकही नगरसेवक नव्हता. १८८८च्या ज्या कायद्यानं ही महापालिका चालते, त्याच्या घडणीत फिरोजशहा मेहतांचा हात होता. त्यात कारभार आयुक्ताचा आणि तिजोरीची चावी निवडून आलेल्यांची, अशी विभागणी आहे. या काळात आयुक्तच प्रशासक. अंदाजपत्रक मांडणाराही तोच, मंजूर करणाराही तोच. लालबागच्या चाळीतल्या बाईनं तुंबलेल्या गटाराची तक्रार नेली कुणाकडे? माजी नगरसेवकाकडे, गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्याकडे, की वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर? आणि काम झालं ते कुणाच्या शब्दानं? सार्वभौमत्वावरचा इतका चांगला प्रश्न आम्हाला वर्गात कधी सुचला नाही.

विभाग आज कलिन्याला आहे, आणि त्याच्या इमारतीचं नाव फिरोजशहा मेहता भवन. तिथून लालबागला यायला एक लोकल आणि थोडी पायपीट लागते. वही घेऊन दहा मुलं आली, तर चहा आम्ही पाजू.