चेहरा की तोंड? लेव्हिनासच्या परिभाषेचा मराठी प्रश्न

एमान्युएल लेव्हिनास (1906-1995) या फ्रेंच नीतिचिंतकाचे लेखन दुर्बोध आहे, ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. मात्र ही दुर्बोधता हायडेगरच्या दुर्बोधतेहून निराळ्या जातीची आहे. हायडेगर शब्द घडवतो. लेव्हिनास बहुतेक वेळा घरातले आणि रस्त्यावरचे शब्द उचलतो. चेहरा, शेजारी, भूक, घास, ओलीस हे शब्द कोणालाही ठाऊक असतात. त्यांच्यावर सोपवलेले काम मात्र अनोळखी असते. 'समग्रता आणि अनंतता' (1961) किंवा 1974 चा 'सत्तेहून अन्यथा' वाचताना अडखळायला होते ते या कामापाशी. अशा शब्दांना संस्कृतप्रचुर प्रतिशब्द देण्याची मराठी समीक्षेची सवय येथे उपयोगी पडत नाही. तिने मूळची अडचण झाकली जाते आणि एक नवीच अडचण उभी राहते.

'सामीप्य' या शब्दाचे उदाहरण घेता येईल. लेव्हिनासच्या 'प्रोक्सिमिते'साठी तो सहज सुचतो. पण मराठी वाचकाच्या कानात तो चार मुक्तींच्या मालिकेतला शब्द आहे. त्याच्या पुढे सरूपता आणि शेवटी सायुज्यता उभी असते. लेव्हिनासचा सारा झगडा नेमका या सायुज्यतेशी आहे. त्याच्या मते जवळीक वाढते तसे एकरूपत्व येत नाही, ऋण वाढते. 'पर' या शब्दाचीही हीच गत. त्यात 'परका' आहे तसे 'परब्रह्म'ही आहे, आणि परब्रह्मात परका उरत नाही. फ्रेंचमधील 'ओत्र' (भिन्न असे काहीही) आणि 'ओत्रुई' (दुसरा माणूस) हा भेद अल्फोन्सो लिंगिसने 1969 च्या इंग्रजी अनुवादात मोठ्या-लहान अक्षरांनी दाखवला. देवनागरीला ती सोय नाही. त्यामुळे मराठीला खरोखरच दोन शब्द शोधावे लागतात, आणि हा तोटा नव्हे. 'दुसरा' हा शब्द सार्त्रमुळे थोडा बिघडला आहे खरा. तेथे दुसऱ्याची नजर मला वस्तू करते. तरी 'इतर' आणि 'दुसरा' ही जोडी चालण्यासारखी आहे. 'सामीप्या'ऐवजी 'शेजार' घ्यावा, कारण लेव्हिनासचा 'प्रोशें' हा बायबलच्या आज्ञेतला शेजारीच आहे, आणि मराठी बायबलनेही तोच शब्द वापरला आहे.

खरी कसोटी 'व्हिझाज' या संज्ञेची. 'चेहरा' म्हटले की पाहणे आले : नाक, डोळे, रंग, छायाचित्र. लेव्हिनासला नको असते ते हेच. फिलिप नेमोशी झालेल्या आणि 1982 मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या संवादांत तो सांगतो की, समोरच्याच्या डोळ्यांचा रंगही लक्षात न येणे ही त्याला भेटण्याची उत्तम रीत होय. पंचाईत अशी की मूळ फ्रेंच शब्दच 'पाहणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. लेव्हिनासला आपल्याच शब्दाविरुद्ध लिहावे लागते. मराठीत 'तोंड' आहे. तो 'तुंड'पासून आला. त्यात चेहराही आहे आणि मुखही, म्हणजे बोलणारे आणि भुकेलेले असे एकच स्थान. तोंड फिरवणे, तोंड चुकवणे, कोणत्या तोंडाने जाणार : या वाक्प्रचारांत समोरच्याचे वर्णन नाही, त्याच्यापुढची जबाबदारी आहे. स्वतःच्या तोंडातली भाकर काढून देण्याची जी प्रतिमा 1974 च्या ग्रंथात वाचकाला अतिशयोक्त वाटते, ती मराठीत 'तोंडचा घास' म्हणून रोजची आहे. शब्द ग्राम्य वाटेल; पण 'मुखमंडला'ला भूक लागत नाही.

पण रोजचा म्हणून हा शब्द निर्मळ ठरत नाही. परळ-लालबागच्या कापडगिरण्यांत धोट्यात नवी कांडी भरली की सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार, म्हणून सवर्ण कामगारांनी अस्पृश्यांना अधिक मजुरीच्या विणखात्यात येऊ दिले नाही. 1928 च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. 'संदर्भरहित' तोंड, म्हणजे ज्याला पद, कूळ, भूमिका काहीच चिकटलेले नाही असे तोंड, या साच्यापाशी कोठे होते? तेथे तोंडाने आज्ञा दिली नाही, विटाळ ठरवला.

याच गिरण्यांनी 'प्रतिस्थापन' या संज्ञेवरही उजेड पाडला आहे. कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर उभा राहतो तो 'बदली'. बदलीच्या जागी आणखी कोणीही चालतो. लेव्हिनासचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे : मी दुसऱ्याच्या जागी उभा राहतो, पण माझ्या जागी कोणीही उभा राहू शकत नाही. 'बदली' हा प्रतिशब्द म्हणून चुकीचा आहे, आणि संज्ञा समजावून द्यायला त्याहून चांगला शब्द सापडणे कठीण आहे. 'ओलीस' मात्र तसाच ठेवावा. विमान-अपहरणाच्या बातम्यांआधी, तहनाम्यांच्या मराठीत, दुसऱ्याच्या वचनासाठी स्वतः अडकून राहिलेला माणूस म्हणजे ओलीस होता.

उरतो तो 'तिसरा'. दोघांच्या भेटीत तिसरा आला की तुलना, मोजमाप, कायदा, म्हणजेच न्याय सुरू होतो, असे लेव्हिनास मानतो. मराठीत तिसऱ्याचा 'तिऱ्हाईत' होतो, आणि तिऱ्हाइताला कशाचे सोयरसुतक नसते. मालक आणि कामगार या दोन पक्षांच्या भांडणात अस्पृश्य कामगाराला तिऱ्हाईतच मानले गेले होते. आंबेडकरांच्या मागणीने तो लेव्हिनासच्या अर्थाने तिसरा झाला. तिसरा आधीपासूनच दुसऱ्याच्या डोळ्यांतून माझ्याकडे पाहत असतो, असे लेव्हिनास 1961 मध्येच लिहितो, हे मान्य करायला हवे. पण त्याचा तिसरा न्याय मागायला येतो. विणखात्यात दोघांच्या मध्ये आधीपासून उभी होती ती जात, आणि तिच्यासाठी लेव्हिनासच्या परिभाषेत शब्द नाही.