‘स्वातंत्र्यमात्रा’ : एका संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय संज्ञा मराठीत आणताना शब्दार्थ आणि संकल्पना यांत अंतर पडले, तर त्याचा उपद्रव विद्यार्थ्याला दीर्घकाळ होतो. सांख्यिकी आणि पदार्थविज्ञान या दोन्ही शास्त्रांत वावरणारी ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ ही संज्ञा याचे बोलके उदाहरण होय. तिच्यासाठी ‘अंश’, ‘कोटी’, ‘मात्रा’ असे पर्याय समोर येतात. ‘अंश’ तापमापकाची आठवण देतो व स्वातंत्र्य कमीअधिक तीव्रतेचे असते असा भास उत्पन्न करतो. ‘कोटी’ हिंदीत रूढ असली तरी मराठी वाचकाला तिच्यातून प्रचंड संख्या किंवा शाब्दिक विनोद अगोदर सुचतो. वस्तुतः येथे तीव्रता मोजावयाची नसून, बंधने वजा जाता स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या राशींची केवळ गणना करावयाची आहे.

‘मात्रा’ हा शब्द वैद्याच्या अर्थाने घेतला तर हाच दोष त्यालाही चिकटतो. छंदःशास्त्राच्या अर्थाने घेतला तर मात्र तो मोजता येणारे एकक दर्शवितो. पादाकुलकाच्या चरणात १६ मात्रा असतात. चार शब्दांच्या चरणात पहिल्या तीन शब्दांनी ५, ३ आणि ४ मात्रा घेतल्या, की चौथ्याच्या वाट्याला ४ च उरतात. निवड चार ठिकाणी दिसते. असते तीनच ठिकाणी. मध्यापासूनच्या विचलनांची बेरीज शून्य असल्यामुळे प्रसरण काढताना निरीक्षणसंख्येतून १ वजा का होतो, हे यावरून उमगते. पाठ केलेल्या सूत्रावरून ते उमगत नाही.

पदार्थविज्ञानातील अर्थही याच जातीचा आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराबाहेरील नौकेला तीन दिशांचे सरकणे आणि तीन अक्षांभोवतीचे डोलणे, अशा सहा मात्रा असतात. तीच नौका सरळ रुळांवर चढविली, तर एकच उरते.

गणनेतील चूक किती दूर जाते, याची साक्ष सांख्यिकीचा इतिहास देतो. समजा, किनाऱ्यालगतच्या व आतल्या भागातील बागांतून प्रत्येकी १०० हापूस आंबे कापले आणि एकूण ३० फळांत साका आढळला. किनाऱ्याकडील सदोष फळे १२ असे कळताच उरलेले तिन्ही रकाने ठरतात : ८८, १८ आणि ८२. म्हणजे मात्रा एकच. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडलेल्या काय-वर्ग कसोटीत अशा चौकोनी कोष्टकासाठी मात्र तीन मात्रा धरल्या जात. बेरजाही निरीक्षणांतूनच घेतल्या आहेत, हे बंधन त्यात दुर्लक्षिले गेले होते. परिणामी खरा भेदही यदृच्छेच्या खात्यावर जमा होण्याचा धोका होता. रोनाल्ड फिशर यांनी १९२२ साली ही गणना दुरुस्त केली.

तथापि दोन्ही शास्त्रांतील साम्य सर्वांगीण मानणे चुकीचे ठरेल. द्विअणू वायूच्या रेणूला स्थाननिश्चितीसाठी सहा राशी लागतात. ऊर्जेच्या समविभाजनात मात्र कंपनाची गतिज व स्थितिज अशी दोन पदे येतात व गणना सातवर जाते. त्यानुसार दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर सुमारे १·२९ यावे. सामान्य तापमानाला हवेसाठी ते १·४० मिळते, म्हणजे पाचच पदे कार्यरत असतात. कंपन का ‘गोठते’, याचा उलगडा पुंजवादाने केला. सांख्यिकीत बंधन घालतो तो अंदाज बांधणारा अभ्यासक. येथे ते निसर्ग घालतो.

तेव्हा ‘स्वातंत्र्यमात्रा’ ही संज्ञा स्वीकारार्ह आहे, परंतु एका अटीवर. ती वापरणाऱ्याने प्रत्येक वेळी दोन प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत : मोजले काय आणि बांधले कोणी? ही उत्तरे नसतील, तर संज्ञा कितीही शुद्ध असली तरी विद्यार्थ्याच्या हाती सूत्रातील वजा एक एवढाच उरतो.